सात नद्यांच्या पलीकडचे दार

मित्रांनो, एखाद्या घराच्या माळ्यावर तुम्ही मला पाहिलेही असेल, पण ओळखले नसेल. पुस्तकाएवढी काळी पेटी, पुढे लाल दिव्यांची ओळ आणि मागे दोन वायरी. मी एक जुना मोडेम आहे. संगणकाचे बोलणे टेलिफोनच्या तारेतून पलीकडे पोचवायचे आणि पलीकडचे बोलणे इकडे आणायचे, एवढेच माझे काम. काम सुरू करताना मी शिट्ट्या मारत, घोगरत, किंचाळत असे. तो आवाज ज्यांनी एकदा ऐकला, ते अजून विसरलेले नाहीत.

माझा जन्म तैवानमधल्या एका कारखान्यात झाला. तेथून मी जहाजाने मुंबईला आलो आणि मग पुण्यातल्या एका कचेरीत लागलो. तेथे मी जेमतेम वर्षभर काम केले. एके दिवशी माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने बोलणारा दुसरा मोडेम आला आणि मला कपाटात टाकून देण्यात आले. माझे काहीही बिघडले नव्हते. तरीही मला काढले. त्या दिवसापासून माझ्या मनात एक धास्ती बसली. कुणी नवे खोके उघडले की आता आपली पाळी, असे वाटे.

१९९७ साली अक्षता नावाच्या मुलीने मला पुण्यातून विकत घेतले. ती कराडला इंजिनिअरिंग शिकत होती आणि जवळच मलकापूरला राहत होती. एसटीमध्ये तिने मला मांडीवर घेतले होते. खंबाटकीच्या घाटात गाडी वळणे घेत असताना तिने मला दोन्ही हातांनी घट्ट धरले, ते मी विसरलेलो नाही.

घरात तिघेच होते. अक्षता, तिची आई येसूबाई आणि वडील केरूआबा. केरूआबा पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. पंचवीस वर्षे त्यांनी सिग्नल विभागात काढली होती. पाठ ताठ, मिशी पांढरी, आणि कुठलेही इंग्रजी मोठ्याने वाचायची सवय.

पहिल्यांदा मी किंचाळलो तेव्हा येसूबाईंनी कानांवर हात ठेवले. "आगं, बंद कर ते! जाळ लागंल!" असे त्या ओरडल्या. केरूआबा मात्र खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले आणि डोळे मिटून ऐकत राहिले.

"न्हाई गं, हे किंचाळणं न्हाई," ते म्हणाले. "दोन मिशिनी एकमेकीला इचारत्यात. ऐकू येतंय का? किती जोरात बोलू? किती हळू बोलू? वायरलेसवर आमी दुसरं काय करत हुतो?"

मित्रांनो, माझे बोलणे माणसाला समजते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

अक्षताकडे विद्यार्थ्यांसाठीचे इंटरनेटचे खाते होते. त्यात चित्रे दिसत नसत, नुसती अक्षरे येत. पुण्याचा नंबर लावावा लागे, म्हणून फोनचा दर कमी असतो त्या पहाटेच्या वेळीच आम्ही काम करायचो. कॉलेजमधल्या मैत्रिणीने तिला एका खेळाचा पत्ता दिला होता. त्याचे इंग्रजी नाव लांबलचक होते. केरूआबा त्याला 'सात नद्या' म्हणत.

हा खेळ अक्षरांचाच होता. पडद्यावर लिहून येई, 'तुम्ही नदीकाठी उभे आहात. उत्तरेला पायवाट आहे.' तुम्ही 'उत्तर' असे लिहिले की पुढची जागा येई. जगभरातली माणसे त्याच वेळी त्याच पायवाटांवर हिंडत असत. ती एकमेकांशी बोलत, एकमेकांना वाट दाखवत, कधी भांडत. अक्षताला चार दिवसांत त्याचा कंटाळा आला. केरूआबांना मात्र तो आवडला. तारयंत्रावर वळलेली त्यांची बोटे कळफलकावर भराभर चालत. शेजारी शब्दकोश असे आणि चहाचा कप असे.

खेळात शिरताना यंत्र एकच प्रश्न विचारी, 'तुम्हाला काय म्हणून हाक मारू?' केरूआबांनी लिहिले, 'हवालदार.' बस्स, यंत्राने आणखी काही विचारले नाही. केरूआबांनी ती ओळ बोटाने अक्षताला दाखवली.

"गावात पयला सवाल काय असायचा ठावं हाय?" ते अक्षताला म्हणाले. "'कुणाचा रं तू?' नाव न्हाई इचारायचं. कुणाचा, ते इचारायचं. आन् बापाचं नाव सांगितलं की समोरचा दोन पावलं मागं व्हायचा."

तेथे त्यांना एक मैत्रीण भेटली. तिचे खेळातले नाव लार्क, म्हणजे चंडोल. ती कॅनडातल्या एका बर्फाळ गावात शाळेची बस चालवी. आपल्याकडे पहाट झाली की तिच्याकडे संध्याकाळ असे. गाडी लावून ती खेळात येई आणि केरूआबांची वाट पाही. केरूआबा तिला रोज 'जय भीम' लिहीत. याचा अर्थ काय, असे तिने विचारले तेव्हा उत्तर लिहायला त्यांना तीन पहाटा लागल्या. ते उत्तर थोडे थोडे करून मीच पोचवले. त्यानंतर तीही आधी 'जय भीम' लिहू लागली.

जे खेळाडू खूप दिवस टिकत, त्यांना त्या जगात स्वतःची एक जागा बांधायची परवानगी मिळत असे. कुणी किल्ला बांधला, कुणी मनोरा बांधला. केरूआबांनी पाण्याचे तळे बांधले. त्याचे वर्णन इंग्रजीत लिहायला ते आठ दिवस झटत होते. शेवटी तीन ओळी उरल्या. 'येथे तळे आहे. चारही बाजूंनी पायऱ्या आहेत. कोणीही, कोणत्याही पायरीवरून पाणी प्यावे.'

थकलेला खेळाडू तेथे पाणी प्याला की त्याची ताकद परत येई. थोड्याच दिवसांत सात नद्यांच्या देशातले सर्वांत गजबजलेले ठिकाण ते तळेच झाले. दोन वर्षे मी त्या तळ्यावरची बोलणी वाहिली. वाऱ्याने तार हलली, पावसात खरखर वाढली, तरी मी शक्यतो अक्षर सांडू दिले नाही. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले दिवस होते.

१९९९ च्या मार्च महिन्यात खेळ उघडताच एक सूचना आली. 'सात नद्या'चा दुसरा भाग येत आहे. त्यात रंगीत चित्रे असतील, मोठे शहर असेल, बाजार असेल. जुना खेळ बंद होणार नाही, पण त्याच्याकडे आता कोणी लक्ष देणार नाही. जुन्या खेळात बांधलेल्या जागा नव्यात नेता येणार नाहीत. शेवटची ओळ माझ्यासाठी होती. नव्या खेळासाठी वेगवान मोडेम लागेल.

मला पुण्यातले कपाट आठवले.

मे महिन्यात दुसरा भाग सुरू झाला आणि तळ्यावरची माणसे एकेक करून निघाली. लार्कही गेली. जाताना तिने लिहिले, 'पलीकडे भेटू, हवालदार. उशीर करू नकोस.'

अक्षताला तोवर सांगलीत संगणकाच्या क्लासमध्ये शिकवायची नोकरी लागली होती. रविवारी ती घरी येई. तिने चित्रांचे खाते घेतले आणि म्हणाली, "आबा, आधी ह्याच मोडेमवर बघू. चालला तर चालला."

त्या रविवारी मी जिवाच्या आकांताने काम केले असे सांगितले, तर ते खोटे ठरेल. मी काम केले, पण माझे मन त्यात नव्हते. एक चित्र वरून खाली, रेघ रेघ करत उतरत होते. आधी आकाश आले, मग बुरूज, मग दगडी कमान, मग लोखंडी दार. बाप आणि लेक दोघेही पडद्याला डोळे लावून बसले होते. चित्र पुरे झाल्यावर त्याखाली अक्षरे आली.

'तुमचे कूळ निवडा.'

खाली सात कुळे होती. केरूआबा मोठ्याने वाचू लागले. पहिले पर्वतवासी, त्यांना शहराची सर्व दारे उघडी. मग सागरवासी, मग वनवासी. असे करत ते सातव्यापर्यंत आले. दलदलवासी. अंगाने दणकट, बोलायला कमी. यांना शहराच्या दारातून प्रवेश नाही. बाजाराच्या दिवशी तटाबाहेर बसावे.

केरूआबांनी ती ओळ दुसऱ्यांदा वाचली, या वेळी मनातल्या मनात.

"हे काय हाय?" त्यांनी विचारले.

"आबा, खेळ आहे तो," अक्षता समजावू लागली. "प्रत्येक कुळाला काही जास्त देतात, काही कमी देतात. दलदलवाल्यांना ताकद जास्त दिलीय. नियम असतो तसा."

"व्हय," केरूआबा म्हणाले. "नियमच असतोय."

त्यांनी हात पुढे केला आणि माझे बटण बंद केले.

मित्रांनो, मी तुम्हाला खरे सांगतो. त्या क्षणी मला आनंद झाला. आता नवा मोडेम येणार नाही, आपण वाचलो, असे मला वाटले. त्यांच्या चेहऱ्याकडे माझे लक्षच गेले नाही.

दुसऱ्या दिवसापासून केरूआबा पुन्हा जुन्याच खेळात जाऊ लागले. तळ्यावर जाऊन ते लिहीत, 'पाहा.' उत्तर येई, 'येथे कोणी नाही.' ते थोडे थांबत आणि पुन्हा लिहीत, 'पाहा.' पुन्हा तेच उत्तर येई. मग ते उठून अंगणात जात, पेरूच्या झाडापर्यंत चालत, परत येत, बसत, पुन्हा उठत. कपातल्या चहावर साय धरे.

लार्कची पत्रे येत. 'मी पर्वतवासी झाले आहे. शहर फार सुंदर आहे. तू कधी येतोस?' केरूआबा उत्तर लिहायला घेत. त्या खात्याची रीत अशी होती की दाबलेली प्रत्येक कळ लगेच माझ्यातून पुढे जाई. लिहिलेलेही जाई आणि खोडलेलेही जाई. त्यामुळे त्यांनी काय काय खोडले ते मला माहीत आहे. 'माझी तब्येत बरी नाही' असे त्यांनी लिहिले आणि खोडले. 'मला चित्रे आवडत नाहीत' असे लिहिले आणि तेही खोडले. 'मी तिकडे कोण म्हणून येऊ?' हेही त्यांनी लिहिले. मग तेही एकेक अक्षर करून मागे घेतले.

ते खोडलेले अक्षर न् अक्षर माझ्यातून जात होते, तेव्हा मला माझ्या आनंदाची लाज वाटू लागली.

असे पाच आठवडे गेले. केरूआबांना धड इकडे करमेना, धड तिकडे जाववेना. एका सकाळी येसूबाई तांदूळ निवडत दारात बसल्या होत्या. केरूआबा सहाव्यांदा त्यांना ओलांडून अंगणात गेले आणि परत आले.

"आवं, किती उठबस करतायसा?" त्या म्हणाल्या. "बसायचं तर बसा, जायाचं तर जावा."

"कुटं जाऊ?"

"ते मला काय ठावं? त्या पेटीत काय बिनसलंय ते तुमी सांगितल्याबिगर मला कसं कळंल?"

केरूआबा त्यांच्याजवळ उंबऱ्यावर बसले आणि त्यांनी पहिल्यापासून सगळे सांगितले. येसूबाई खडे वेचत ऐकत होत्या.

"मंजी तिकडं कोण म्हणून जलमायचं ते आपुणच ठरवायचं?" त्यांनी विचारले.

"व्हय. सात हायती. त्यातलं एक घ्यायचं."

"मंग डोंगरावाल्याचं घ्या की. कोण बघाय येतंय?"

केरूआबांनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग हळूच म्हणाले, "पलटणीत भरती झालो तवा एकानं सांगितलं हुतं, आडनाव बदल, सोपं जाईल. तवा बदललं न्हाई. आता म्हातारपणी, खेळात बदलू?"

"मंग ते चिखलावालं घ्या."

"त्यांस्नी दार बंद हाय, येसू."

"म्हणून तर म्हणती." येसूबाईंनी सूप खाली ठेवले. "दार बंद हाय हे आत बसल्याल्याला कुटं कळतंय? भाईरनं कुणी तरी वाजवाय नगं का?"

केरूआबांनी त्यांच्याकडे पाहिले. मग ते उठले, पण या वेळी अंगणात गेले नाहीत. त्यांनी सांगलीला फोन लावला.

"अक्षता, येताना तेवढा नवा मोडेम घिऊन ये."

पुढच्या रविवारी नवे खोके उघडले गेले. जुनी धास्ती जागी झाली, पण या वेळी मी स्वतःला समजावले. अक्षताने माझ्या वायरी सोडल्या. मला वाटले होते, मला कपाटात टाकतील. पण केरूआबांनी मला हातात घेतले, धोतराच्या सोग्याने पुसले आणि टेबलावरच्या फळीवर ठेवले.

"ह्याला टाकू नगंस," ते अक्षताला म्हणाले. "लय इमानानं चाकरी केलीया त्यानं."

मी मनात ओशाळलो. त्या एका रविवारचे त्यांना माहीत नव्हते.

नवा मोडेम किंचाळला. त्याचा आवाज माझ्यापेक्षा बारीक होता आणि लवकर संपला. दार क्षणात पडद्यावर आले. केरूआबांनी सातवे कूळ निवडले.

आता पडद्यावरचे मला फळीवरून नुसते ऐकता येत होते. पण केरूआबांना मोठ्याने वाचायची सवय होती, त्यामुळे सगळे कळे. रोज पहाटे ते शहराच्या दारापाशी जात आणि लिहीत, 'दार वाजवा.' पहारेकऱ्याचे ठरलेले उत्तर येई, 'दलदलवासीयांना प्रवेश नाही. बाजाराच्या दिवशी या.' ते ठोकळेबाज उत्तर केरूआबा शांतपणे वाचत आणि पुन्हा लिहीत, 'दार वाजवा.' असे रोज दहा वेळा. मग तटाबाहेर बसून नव्या खेळाडूंना वाटा सांगत.

चौथ्या दिवशी लार्क त्यांना शोधत बाहेर आली. तिने विचारले, 'तू हे कूळ का घेतलेस? तुला कुणी सांगितले नाही का, की हे सर्वांत वाईट आहे?'

केरूआबांनी उत्तर लिहिले, 'मला ते लहानपणीच सांगितले होते.'

तिने शहराकडे पाठ केली. मग ती त्यांच्याशेजारी तटाबाहेर बसली. त्यानंतर ती रोज येऊ लागली. जुन्या तळ्यावरचे काही जण आले. ज्यांनी ताकदीच्या लोभाने दलदलवासी कूळ घेतले होते आणि आता पस्तावत होते, असे काही नवेही आले. ऑगस्टपर्यंत केरूआबांखेरीज दार वाजवणारे एकवीस जण झाले. प्रत्येक जण दहा वेळा वाजवी. शहरातल्या चौकात बसलेल्यांच्या पडद्यावरही ते ठोके उमटू लागले. कित्येकांना राग आला. कुणी शिव्या लिहिल्या. केरूआबांनी त्यासुद्धा मोठ्याने वाचल्या.

"आवं, तेवढं तरी मनात वाचा," येसूबाई आतून म्हणाल्या.

सप्टेंबरमध्ये खेळ बनवणाऱ्यांपैकी एकाचे पत्र आले. ते सभ्य होते. त्यात लिहिले होते, 'हवालदार, हे दार तुमच्यासाठी उघडेल असे आम्ही बनवलेलेच नाही. कितीही वाजवले तरी ते उघडणार नाही. मग तुम्ही रोज का वाजवता?'

केरूआबांनी एका दमात उत्तर लिहिले. अक्षताने फक्त दोन शब्दांची अक्षरे सुधारली. उत्तर असे होते, 'ते उघडेल म्हणून मी वाजवत नाही. ते बंद आहे हे तुम्हाला रोज ऐकू यावे म्हणून वाजवतो.'

त्यावर काही उत्तर आले नाही. एक आठवडा गेला, महिना गेला, दुसरा महिना लागला. केरूआबा रोज आधी पत्रांची पेटी उघडून पाहत, मग दार वाजवत. रात्री झोप लागत नाही, असे ते येसूबाईंना म्हणाले. आपण उगाच माणसांना वेठीला धरले का, असेही म्हणाले. दोघे-तिघे कंटाळून गेले, त्यांच्या जागी दुसरे आले.

नोव्हेंबरात अक्षता सुट्टीला घरी आली होती. त्या पहाटे केरूआबांनी लिहिले, 'दार वाजवा,' आणि सवयीने उत्तर वाचू लागले. "दलदलवासी..." एवढे म्हणून ते थांबले. खुर्ची करकरली.

"काय झालं, आबा?" अक्षता धावत आली. तिने पडद्यावरची ओळ मोठ्याने वाचली. 'दार उघडे आहे. कोणीही आत यावे.'

"आबा! त्यांनी नियमच बदलला! जावा की आत!"

"थांब," केरूआबांनी तिला हाताने अडवले. "माझ्या मागं एकवीस जण हायती. त्यांस्नी आधी जाऊ दी."

ते एकेकाचे नाव वाचू लागले. जो आत जाई त्याचे नाव पडद्यावर येई, ते मोठ्याने म्हणत आणि पुढच्याची वाट पाहत. त्याला बराच वेळ लागला. काही जण दोनदा बाहेर येऊन पुन्हा आत गेले, खरेच उघडे आहे ना ते पाहायला. शेवटी दाराशी दोघेच उरले, केरूआबा आणि लार्क. पर्वतवासी असूनही लार्क अजून बाहेरच थांबली होती.

"येसू, जरा हिकडं ये," केरूआबांनी हाक मारली.

येसूबाई पिठाच्या हातांनी आल्या. पडद्यावरच्या कमानीकडे त्यांनी निरखून पाहिले.

"उघडं तर हाय," त्या म्हणाल्या. "मंग बसलाय का? जावा की."

केरूआबांनी एक कळ दाबली.

मित्रांनो, ती कळ माझ्यातून गेली नाही. माझ्या वायरी गुंडाळलेल्या होत्या. ज्या दिवसासाठी मी दोन वर्षे चाकरी केली, तो दिवस दुसऱ्याच्या तारेवरून आला. पण मला वाईट वाटले नाही. केरूआबांनी माझ्या मनासारखे केले असते, तर मी टेबलावर राहिलो असतो आणि ते रिकाम्या जागेला 'पाहा, पाहा' म्हणत बसले असते.

म्हणून माझी विनवणी नेहमीच्या जुन्या वस्तूंसारखी नाही. आम्हाला जपा, अधूनमधून पुसा, जमल्यास फळीवर जागा द्या. पण आम्ही दुखावू म्हणून पुढे जायचे थांबू नका. आणि तुम्ही कधी एखादा खेळ बनवलात, अगदी शाळेच्या मैदानावरचा का असेना, तर नियम ठरवताना एकदा दाराबाहेर जाऊन उभे राहा. आतून ते बंद दिसत नाही.